काळ्या शाईतली बावीस उत्तरं

२ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोनच करणार होते, पण मी तापले की तुझ्याकडची रेंज नेमकी जाते, हा माझा गेल्या दहा वर्षांचा अनुभव आहे. कागदाला रेंज लागत नाही. तेव्हा नीट बैस आणि शेवटपर्यंत वाच.

तुझ्या भाचीनं घरात उच्छाद मांडलाय. पिटूला पुढच्या वर्षी प्रगत गणित घ्यायचंय. साधं गणित घेतलं तर कुणी फासावर देत नाही, हे मी तिला चार प्रकारे सांगून पाहिलं. ऐकत नाही. पंचवीस तारखेच्या आत शाळेत फॉर्म द्यायचाय आणि त्यावर पालकाची सही लागते. सही मी करणार नाही असं मी सांगून टाकलंय. तिच्या वडिलांना विचारावं, तर त्यांचं म्हणणं असं की या विषयात आईचा अनुभव जास्त, तेव्हा आई म्हणेल ते. अनुभव! जून ते ऑक्टोबर, पाच महिने. तेवढा मला जन्माला पुरलाय.

तुला ती खोली आठवते का रे? वरच्या मजल्यावरची, जिन्याच्या टोकाची. खाली सुतारकामाचा वर्ग होता आणि बाई फळ्यावर काही बारीक समजावायला लागल्या की खालून करवत सुरू व्हायची. तू तिथून वाघासारखा बाहेर पडलास. दोन वर्षांनी मी त्याच बाकावर बसले आणि माझ्या डोक्यात त्या करवतीशिवाय काही शिरलं नाही. अठ्ठावीस वर्षं झाली, पण अजून कुणी त्या विषयाचं नाव काढलं की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते. पिटूचं तसं होऊ नये एवढंच माझं म्हणणं. ती माझी मुलगी आहे, तिचं डोकं माझ्यावर गेलेलं असणार. आत्ता तिला मजा वाटतेय, ऑक्टोबरात रडेल.

तर तुझं काम असं. तिला एक पत्र लिही आणि प्रगत गणिताचा आयुष्यात काही उपयोग नसतो असं सांग. तुझा शब्द ती झेलते. तू एवढा हुशार, पण आज दिवसभर तिपाईवर दुर्बीण लावून लोकांच्या जमिनीच मोजतोस ना? हेच जरा खुलवून लिही.

आणि हो, माळ्यावरच्या पेटीतून तिनं आपलं जुनं गणिताचं पुस्तक शोधून काढलंय. तेच, ज्यात तू शेवटच्या पानावरची बावीस छापील उत्तरं काळी करून शेजारी स्वतःची लिहिली होतीस. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला ते पान उघडून दाखवायचे, की पोरानं पुस्तक दुरुस्त केलं म्हणून. मी पिटूला सांगून ठेवलंय की मामाची उत्तरं प्रमाण मानायची, छापलेली नव्हे. रोज संध्याकाळी ती त्या प्रकरणाशी झटापट करत असते. करू दे, हात भाजले की आपोआप सोडेल.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याकडे बघ, चढउताराची कामं आता हाताखालच्यांना दे. लोभ आहे तसाच ठेव, पण या वेळी तो थोडा कामालाही लाव.

तुझी
ठिणगी


७ जून

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. पहिल्या दोन ओळींतच चटका बसला, म्हणजे प्रकृती उत्तम आहे हे कळलं.

गुडघा बरा आहे. गेल्या आठवड्यात दोन शेजाऱ्यांच्या कुंपणाची मोजणी होती. दोघांचे मिळून सात साक्षीदार, आणि प्रत्येकाच्या मते कुंपण वेगळ्याच जागी. मी दुर्बीण लावली की सगळे माझ्या मागे उभे राहून एक डोळा मिटतात. असं माझं चाललंय. तुझी वहिनी म्हणते की मी घरीही एक डोळा मिटूनच वावरतो.

पिटूबद्दल काय सांगू? उपयोग नसतो असं मी कसं लिहू? मला झाला की थोडाफार. मुलीला इच्छा आहे तर तिच्या कलानं घ्यावं असं वाटतं. पण आई तू आहेस, मी आपला लांबून बोलतोय.

एक मात्र कर. ते जुनं पुस्तक तिला देऊ नकोस. आता अभ्यासक्रम बदललाय, त्या पुस्तकाचा कागदही पिवळा पडला असेल, धुळीनं तिला शिंका येतील. मी इकडून नवं पाठवतो. जुनं रद्दीत टाक, किंवा मला पाठवून दे, मी बघतो त्याचं काय करायचं ते. हे विसरू नकोस.

बाकी क्षेम. जावईबापूंना नमस्कार. तुझा लोभ मला नेहमीच जड जातो, तरी तो असू दे.

तुझा
दादा


११ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून डोकं फिरलं. मी विचारलं काय, तू सांगतोस काय! साक्षीदार सात, कुंपण एक, आणि माझ्या मुलीबद्दल साडेतीन ओळी. त्यातही ‘कलानं घ्यावं’. कलानं घ्यायला ती काय भाड्यानं राहायला आलीय?

आणि त्या पुस्तकानं तुझं काय घोडं मारलंय? शिंका म्हणे. तिला धुळीनं काही होत नाही, कारखान्यातून मी रोज अंगावर सुताचा भुगा घेऊन घरी येते. पुस्तक रद्दीत जाणार नाही. त्यावर बाबांचा हात फिरलाय.

तुला वाटत असेल ही उगाच आकांडतांडव करते. तर ऐक, मी कधी कुणाला नीट सांगितलेलं नाही. ते प्रकरण सुरू झालं तेव्हा मला विषय आवडायला लागला होता. खरं सांगते. घरी येऊन मी पहिलं उदाहरण सोडवलं, उत्तर मागच्या पानाशी ताडून पाहिलं, तर चूक. दुसरं चूक. तिसरं चूक. बावीसच्या बावीस चूक! एखादं तरी चुकून बरोबर यावं की नाही? मी आधी आकडे तपासायचे, मग रीत तपासायचे, मग रडायचे. मग तुझं उत्तर खाली लिहायचे आणि वरच्या पायऱ्या कशाबशा ओढूनताणून त्याच्यापर्यंत आणायचे. बाईंनी माझ्या वहीवर लाल शाईनं लिहिलं होतं, ‘रीत बरोबर, उत्तर कुठून आणलंस?’ ती ओळ माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. मला वाटलं, त्या मला चोर म्हणतायत.

वर्गात आम्ही नऊ जण. बाकीच्या आठांची उत्तरं एकमेकांशी जुळायची, माझं एकटीचं वेगळं. मी त्यांना ठणकावून सांगितलं की तुमच्या सगळ्यांची पुस्तकं चुकलेली आहेत, माझं माझ्या दादानं दुरुस्त केलंय. ते हसले. एकानं फळ्यावर मुकुट घातलेला दादा काढला. मी भांडले त्यांच्याशी. तुझ्यासाठी! उत्तर येत नाही हा माझ्या डोक्याचा दोष, दादाचा असणं शक्यच नाही, याबद्दल मला कणभर शंका नव्हती. चाचणीत मी आलेली उत्तरंही खोडत बसले, पन्नासपैकी अकरा मिळाले. दुसऱ्या दिवशी मी जिन्याच्या टोकाच्या खोलीतून माझी वही उचलली आणि खाली साध्या वर्गात जाऊन बसले. पुढे शिवण, आणि त्याच्यापुढे हा कारखाना.

तुलाही पत्र लिहिलं होतं मी तेव्हा वसतिगृहावर. तीन उदाहरणं उतरवून पाठवली होती, कुठं चुकतंय ते सांग म्हणून. तुझं उत्तर आलं, त्यात जेवण बरं नाही, थंडी फार, आणि शेवटी माझ्यासाठी दोन शब्द, ‘नीट बघ’. एवढंच. मी नीट बघितलं रे. डोळे दुखेपर्यंत बघितलं.

याचा त्रास तिथंच संपला नाही. आता मार्चमध्ये कारखान्यात कापडाची मांडणी संगणकावर करायचं ठरलं. मालकीणबाईंनी पहिलं मला विचारलं, बावीस वर्षं काम केलेली कटिंग मास्टर म्हणून. कागदाचा फर्मा कसा फिरवला की कापड वाचतं हे माझ्या हाताला कळतं. पण त्या पडद्यावर कोन आणि आकडे दिसले आणि मी मागे सरले. माझं डोकं त्यातलं नाही असं सांगून टाकलं. आता एक कालची पोरगी मला सांगते की बाही कुठं ठेवायची. तेव्हा मुलीला यातून वाचव असं मी म्हणते, त्यात माझं चुकलं कुठं ते सांग. आणि पत्र लिहिणार नसशील तर तसं स्पष्ट कळव, म्हणजे मी तुझ्या नावानं बसून राहणार नाही.

लोभाचं पुढच्या पत्रात बघू.

ठिणगी


१३ जून

प्रिय मामा,
साष्टांग नमस्कार. (हे आईनं शिकवलंय. हे पत्र मात्र तिला न सांगता लिहितेय.)

तू पाठवलेलं नवं पुस्तक मिळालं. छान आहे, आणि त्यामुळे माझी खात्री पटली. तोच धडा त्यातही आहे, तीच उदाहरणं आहेत, फक्त उत्तरं तुझी नाहीत.

तुला सगळं नीट सांगते. जुन्या पुस्तकातलं पहिलं उदाहरण असं: क्ष म्हणजे अर्धा असेल तर क्ष आणि क्षचं साइन यांची बेरीज किती. माझं उत्तर आलं ०.९८. तुझं काळ्या शाईतलं ०.५१. आई म्हणाली मामाचंच बरोबर असणार, तू पुन्हा कर. मी सहा वेळा केलं. मग मी ते पान खिडकीच्या काचेला लावून मागून उजेडात पाहिलं. शाईखाली छापलेलं पुसट दिसतं रे मामा. ०.९८.

मग मी माझ्या कॅल्क्युलेटरची कळ मुद्दाम अंशांवर सरकवली, आणि धडाधड तुझी सगळी उत्तरं आली. बावीसच्या बावीस! (सहाव्यात तू दशांश चिन्ह पण विसरलायस.) आईच्या टेपला कशी एका बाजूला इंच असतात आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर, तसं कोनाचं. या धड्यात सगळं रेडियनमध्ये मोजायचं होतं, तू अंशांत मोजलंस, आणि पुस्तकच चुकलंय म्हणालास. मला आधी खूप हसू आलं. मग आईनं मला तिच्या अकरा मार्कांची गोष्ट सांगितली, आणि मला हसू येईना.

मी तिला अजून सांगितलेलं नाही. मी सांगून उपयोगही नाही. तुझ्या त्या शाईपुढे ती छापील अक्षर मानत नाही, तर मला काय मानणार! उलट मामाच्या चुका काढतेस म्हणून मलाच झापेल. ती रोज म्हणते की माझं डोकं तिच्यावर गेलंय म्हणून मला झेपणार नाही. मामा, तिचं डोकं ठीक होतं. हे तिला तूच सांगायला हवं. तुला हे आधीपासून माहीत होतं की नाही, ते मी विचारत नाही. पण तू ते पुस्तक रद्दीत टाकायला सांगितलंस, हे मला आवडलं नाही.

फॉर्म पंचवीस तारखेला द्यायचाय. मी चोवीसपर्यंत गप्प बसेन. मग मी काच, पान, कॅल्क्युलेटर, सगळं घेऊन तिच्यासमोर उभी राहीन.

मामीला खूप प्रेम. तुझ्यावरही आहे, पण सध्या ते जरा रुसलंय.

तुझी
पिटू


१७ जून

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद. हे पत्र वाचून झाल्यावर ते तुला घ्यावेसे वाटतील की नाही, माहीत नाही.

तुझी उत्तरं बरोबर होती. माझी बावीसच्या बावीस चूक होती.

मी ते प्रकरण सोडवलं तेव्हा माझ्या कॅल्क्युलेटरची कळ अंशांवर होती आणि उदाहरणं रेडियनमधली होती. एवढंच झालं. पण पुस्तकातलं एकही उत्तर जुळेना, तेव्हा आपलं चुकलं असेल हा विचार माझ्या मनात आला नाही. त्या वयात मी तसा होतो. बाबांची जाड निबाची लेखणी घेतली आणि छापलेली बावीस उत्तरं खोडून काढली. बाबांनी ते पाहिलं आणि त्यांना आकाश ठेंगणं झालं. ऑफिसात पुस्तक घेऊन गेले. एवढ्यावर थांबले असते तर बरं, पण त्यांनी प्रकाशकाला बावीस चुकांची यादी रजिस्टर पोस्टानं पाठवली.

पंधरा दिवसांनी बाई वर्गात माझ्या बाकाशी आल्या, माझा कॅल्क्युलेटर उचलला, नखानं कळ सरकवली आणि पुढे गेल्या. मला तिथंच सगळं कळलं. घरी आलो तर बाबा शेजारच्या डॉक्टरांना ते पान दाखवत होते. मी काही बोललो नाही. नंतर प्रकाशकाचं उत्तर आलं. एकच ओळ होती, ‘कृपया कॅल्क्युलेटरची कळ तपासून पाहावी.’ ते मी बाबांच्या हाती लागण्याआधी टपालपेटीतून काढलं आणि फाडून टाकलं. बाबा शेवटपर्यंत म्हणत राहिले की प्रकाशकानं साधी पोचही दिली नाही.

इथवरचं पोरवयातलं म्हणून सोडून देता येईल. पुढचं येत नाही. तुझं पत्र मला वसतिगृहाच्या जेवणघरात मिळालं. दोन कागद, तीन उदाहरणं, तुझं ते उजवीकडे कललेलं अक्षर. पहिली ओळ वाचतानाच मला कळलं की तुझं बरोबर आहे आणि तू माझ्या शाईशी ताडून बघतेयस. मी खरं लिहायला घेतलं होतं. पण आपल्याकडे आलेलं पत्र बाबा सगळ्यांना जमवून मोठ्यानं वाचायचे, तुला आठवत असेल. ते माझंच पत्र मोठ्यानं वाचतायत, असं माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी तो कागद चुरगाळला आणि दुसरा घेतला. ‘नीट बघ.’ सुट्टीत एकटी गाठून सांगू असं ठरवलं.

सुट्टीत आलो तेव्हा तू वर्ग सोडला होतास. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून फर्मा कापत होतीस आणि शीळ घालत होतीस. मला हायसं वाटलं, ठिणगे. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं. ही खुशीत आहे, मग आता कशाला उकरायचं, अशी मी माझी समजूत घातली. तीच अठ्ठावीस वर्षं पुरवली. मार्चमधल्या त्या मांडणीच्या कामाचं तू लिहिलंस तेव्हा मात्र ती पुरेनाशी झाली. पिटूनं ओळखलंय सगळं. तिनं मला चोवीस तारखेपर्यंत मुदत दिली होती. भ्याडपणा असा की ती मुदत नसती तर मी हे याच आठवड्यात लिहिलं असतं का, याची मला खात्री नाही.

तुझं ते पत्र मी टाकू शकलो नाही. माझ्या कंपासपेटीत घडी करून ठेवलं होतं, सोबत पाठवतो. तुझ्या पायऱ्या बघ. माफ कर असं म्हणायला तोंड नाही. तुझा लोभ आता मी मागत नाही, माझा मात्र तुझ्याजवळच आहे.

दादा


२४ जून

ती. दादास,

नमस्कार लिहायला हात वळत नाही, पण सवयीनं ‘ती.’ लिहून झालं. खोडत नाही. या घरात खोडाखोड पुष्कळ झालीय.

तुझं पत्र आलं तेव्हा मी कारखान्यातून नुकतीच आले होते. उभ्यानं वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग मी स्वयंपाकघरात गेले आणि एक पातेलं इतकं घासलं की त्याची कड पातळ झाली असेल. हे विचारायला आले, त्यांना मी बाहेर घालवलं. फोन उचलून तुला शिव्या द्याव्यात असं दहा वेळा वाटलं, पण तू गप्प राहून ऐकून घेशील हे माहीत होतं, आणि तेवढं पुण्य तुला मिळू द्यायची माझी इच्छा नव्हती.

मी मोठी गणिती झाले असते असं मला म्हणायचं नाही. कदाचित नोव्हेंबरात दुसऱ्याच प्रकरणाला अडखळले असते आणि तरी शिवणाकडेच आले असते. मला माझं काम आवडतं. पण मी माझ्या पायांनी आले असते रे. मी पळून आले. आणि तेव्हापासून जिथं जिथं चार आकडे दिसले तिथं तिथं मी बाजूला होऊन दुसऱ्याला पुढे केलं. दुकानात, बँकेत, मुलीच्या शाळेत, सगळीकडे हसत हसत सांगितलं की माझं डोकं त्यातलं नाही. ते ऐकायला तूही बऱ्याचदा समोर होतास. एकदा तर तू हसलास. ते मला आता आठवतंय आणि राग आवरत नाही. बाबा गेल्यानंतर तुला मोठ्यानं वाचणारं कोण होतं? त्यालाही नऊ वर्षं झाली. त्या नऊ वर्षांचा हिशेब तुझ्या पत्रात नाही, मला दिसला बरं का.

सगळ्यात वाईट हे की तेच वाक्य मी पिटूच्या गळ्यात बांधत होते. एकवीस तारखेला मी तिच्यासमोर बसले आणि तुझं पत्र तिला दिलं. आपल्या बाबांसारखं मोठ्यानं नाही वाचलं, तिचं तिला वाचू दिलं. ती रडली, तुझ्यासाठी की माझ्यासाठी ते तिलाही सांगता आलं नाही. मग तिनं ते पान खिडकीच्या काचेला लावून मला दाखवलं. पुसट आहे, पण वाचता येतं. मी अठ्ठावीस वर्षांत एकदाही ते उजेडात धरलं नव्हतं.

माझं जुनं पत्र मी दोन दिवस उघडलं नाही. उघडलं तेव्हा आधी माझं अक्षर बघून हसू आलं, मग पिटूच्या मदतीनं एकेक पायरी तपासली. चौथं उदाहरण बरोबर. सातवं बरोबर. नववं चूक! वजाचं अधिक केलं होतं मी. खरी, माझी स्वतःची चूक. तुला सांगून पटणार नाही, पण ती सापडल्यावर मला जितकं बरं वाटलं तितकं पहिल्या दोनांनी नाही वाटलं. बाईंनी तेव्हा तीच दाखवली असती, मी ती सुधारली असती आणि पुढे गेले असते.

त्या धड्यातला तो वळणाचा आलेख पिटूनं काढून दाखवला. चढतो, वळतो, उतरतो. मी म्हटलं, हा तर बाहीचा माथा. महिन्यातून चाळीस वेळा मी तो खडूनं काढते. मला कुणी सांगितलं नाही की वरच्या खोलीत हेच चाललं होतं.

काल मालकीणबाईंकडे गेले आणि मांडणीचं काम मी शिकते असं सांगितलं. त्या चांगल्या बोलल्या, पण ती जागा भरली, आता पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या. म्हणजे त्या कालच्या पोरीच्या हाताखाली अजून वर्षभर. हे मी तुला मुद्दाम कळवतेय. तुझ्या माफीनं ते भरून निघत नाही, हे तुला माहीत असावं.

पिटूच्या फॉर्मवर मी सही केली, निळ्या शाईनं. काळी या घरात काही दिवस नको. उद्या ती नेऊन देईल. पुस्तक रद्दीत गेलेलं नाही आणि जाणारही नाही. तुझ्या उत्तरांवर मी फर्म्याच्या कागदाच्या पट्ट्या कापून चिकटवल्यात, आणि रोज कारखान्यातून आल्यावर चारपाच उदाहरणं सोडवून माझी उत्तरं त्यांवर लिहितेय. आठ झालीत.

तू लगेच येऊ नकोस. सप्टेंबरात ये. तोपर्यंत मी रागावलेली असणार आहे आणि मला ते नीट पार पाडू दे. वहिनींना नमस्कार, त्यांचा यात काही दोष नाही. लोभाचं म्हणशील तर तो मला काढून टाकता आला असता तर या पत्राला दोन दिवस कमी लागले असते.

तुझी
ठिणगी

ता. क. कालपासून नववं पुन्हा अडलंय, वजाचं चिन्ह सुधारूनही. पिटूला येतं, पण मी तिला सांगू दिलेलं नाही. तूही उत्तर कळवू नकोस, इशाराही नको. मी नीट बघतेय.